‘टिल टेन्थ’ म्हणजे नक्की कधी? नोटिशी, करार आणि कर्जाच्या कागदांतली इंग्रजीची गल्लत

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टशेजारी असा कागद चिकटवलेला सापडेल: ‘ऑल मेंबर्स आर ॲडव्हाइस्ड टू पे मेन्टेनन्स टिल टेन्थ, अदरवाइज दे विल लूस द डिस्काउंट. धिस विल इफेक्ट लेट पेयर्स.’ दोन ओळींत चार शब्द चुकले आहेत. अर्थ कळतो, मग बिघडलं कुठे, असं कुणीही विचारेल. तीन शब्दांपुरतं ते खरंही आहे. चौथा शब्द मात्र तारखेचा आहे, आणि तारखेला दंड जोडलेला असतो.

तो शब्द ‘टिल’. इंग्रजीत ‘टिल’ म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणापर्यंत चालूच राहते. ‘पे टिल टेन्थ’चा सरळ अर्थ ‘दहा तारखेपर्यंत भरत राहा’ असा होतो. मुदत सांगायची तर ‘बाय’ हवा. आपण चुकतो, कारण मराठीत दोन्हींसाठी एकच ‘पर्यंत’ आहे. ‘दहा तारखेपर्यंत पैसे भरा’ आणि ‘दहा तारखेपर्यंत मी गावी आहे’ ही दोन्ही वाक्यं बिनचूक आहेत. भरणं एकदाच होतं आणि असणं चालू राहतं, हे मराठीत क्रियापदावरूनच समजतं. इंग्रजी तो फरक ‘टिल’ आणि ‘बाय’ अशा वेगळ्या शब्दांनी दाखवते.

यावर एक कसोटी आहे. मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘दहा तारखेच्या आत पैसे भरा’ चालतं, म्हणून तिथे ‘बाय’. ‘दहा तारखेच्या आत मी गावी आहे’ चालत नाही, म्हणून तिथे ‘टिल’.

पाण्याच्या शटडाऊनच्या निरोपात ही चूक सर्वांत जास्त त्रास देते. ‘वॉटर सप्लाय विल बी रिझ्यूम्ड बाय सिक्स पीएम’ म्हणजे सहाच्या आत पाणी सुरू होईल. त्यातच ‘टिल सिक्स पीएम’ लिहिलं तर वाचणारा समजणार की पाणी सुरू होणार आहे, पण सहापर्यंतच. एका शब्दावर कुणी पिंपं भरून ठेवेल आणि कुणी संध्याकाळी कोरड्या नळासमोर उभा राहील. चिडायचंच असेल तर ते अशा ठिकाणी चिडावं.

‘पर्यंत’सारखाच ‘पासून’. ‘मी पाच वर्षांपासून ऐरोलीत काम करतो’ याचं ‘आय ॲम वर्किंग इन ऐरोली सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत जाऊन बसतं. ‘पासून’च्या आधी कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येईल अशी जागा असेल (२०१९, सोमवार, सकाळी नऊ) तर ‘सिन्स’. काळाची लांबी असेल (पाच वर्षं, दोन तास) तर ‘फॉर’. दोन्हींत क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’ असं येतं.

आता त्या कागदावरचे उरलेले तीन शब्द. ते चुकण्यामागे ‘करणे’ आणि ‘होणे’ यांचा हात आहे. मराठी इंग्रजी शब्द घेते तेव्हा बहुधा त्याचं एकच रूप घेते आणि पुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडते: प्रॅक्टिस करणे, ॲडव्हाइस करणे, इफेक्ट होणे. सोय उत्तम आहे. पण त्यामुळे इंग्रजीतली नाम आणि क्रियापद यांची वेगळी रूपं आपल्या कानावर पडतच नाहीत. इंग्रजी लिहायला बसलो की कानात असलेलं तेच एक रूप दोन्ही जागी उतरतं.

‘सल्ला’ या नामाला इंग्रजीत शेवटी स चा आवाज आहे, ॲडव्हाइस, आणि स्पेलिंगमध्ये सी. ‘सल्ला देणे’ या क्रियापदाला झ चा आवाज आहे, ॲडव्हाइझ, आणि स्पेलिंगमध्ये एस. हीच जोडी इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी दिसते. ‘डिव्हाइस’ म्हणजे उपकरण, ‘डिव्हाइझ’ म्हणजे योजणे. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणे. ‘क्लोस’ म्हणजे जवळचा, ‘क्लोझ’ म्हणजे बंद करणे. क्रियापदाला झ, असं मनात ठेवलं तर बरेच शब्द आपोआप जागेवर येतात. देवनागरीत स आणि झ वेगळे लिहिता येतात, ही आपली मोठी सोय आहे. शंका आली तर शब्द आधी देवनागरीत, नीट उच्चार करून लिहून बघावा.

‘लूज’ची गोष्ट मात्र उलटी आहे. स्क्रू लूज झालाय, शर्ट लूज होतोय, लूज मोशन, लूज कनेक्शन: मराठीत हा शब्द रोजचा आहे आणि आपण तो शेवटी ज लावूनच म्हणतो. मूळ इंग्रजीत ‘सैल’ या अर्थाचा शब्द ‘लूस’ आहे, शेवटी स्वच्छ स, मध्ये दोन ओ. ‘गमावणे’ या अर्थाचा शब्द ‘लूझ’, त्यात ओ एकच. म्हणजे आपला ‘लूज’ आवाजाने ‘गमावणे’च्या शेजारी जाऊन बसला आणि स्पेलिंग ‘सैल’चं घेऊन आला. कानाला जे दोन ओ माहीत आहेत तेच हात लिहितो. ‘लॉस’ म्हणजे तोटा, त्यात ओ एक. तोटा होणं म्हणजेच गमावणं, म्हणून तिथेही ओ एक. मराठी बोलताना मात्र ‘लूज’ बदलायचं काही कारण नाही. तो शब्द आता आपला आहे.

राहिला ‘इफेक्ट’. ई-ने सुरू होणारा ‘इफेक्ट’ बहुतेक वेळा नाम असतो: परिणाम. ए-ने सुरू होणारा ‘अफेक्ट’ क्रियापद: परिणाम करणे. बोलताना पहिला स्वर इतका पुसट होतो की अस्सल इंग्रजी बोलणाऱ्यालाही कानाने फरक कळत नाही, म्हणून ही चूक जगभर होते. शब्दाच्या आधी ‘द’, ‘ॲन’ किंवा ‘एनी’ बसत असेल तर ई-वाला. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण बँकेच्या पत्रांत एक अपवाद भेटतो. ई-वाला शब्द क्वचित क्रियापदही होतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असतो. ‘पेमेंट विल बी इफेक्टेड ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी पैसे दिले जातील. ए-वाला शब्द घातला तर सोमवारच्या पैशांवर संकट आहे असा अर्थ होतो. अक्षर एकच बदललं आणि निरोप उलटा झाला.

भाडेकराराच्या कागदाकडे आता थोडं बारकाईने बघू, कारण ठाणे-नवी मुंबईत बहुतेक घरांना कधी ना कधी त्यावर सही करावी लागते. कराराचं नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’. दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींत त्याचं ‘लिव्ह अँड लायसन्स’ होतं आणि आय-ने लिहिलेलं, राहणे या अर्थाचं ‘लिव्ह’ तिथे येऊन बसतं. राहायचंच तर आहे, म्हणून कुणाला खटकतही नाही. खरा शब्द ‘लीव्ह’, दीर्घ, आणि इथे त्याचा अर्थ सुट्टी नाही किंवा सोडून जाणेही नाही. जुन्या इंग्रजीतला ‘परवानगी’ हा त्याचा अर्थ आहे. म्हणजे करार ‘परवानगी आणि परवाना’ असा आहे, आणि त्या नावातच त्याचं कायदेशीर मर्म आहे. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ५२व्या कलमानुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करायची नुसती परवानगी. त्यातून जागेत हक्क तयार होत नाही. ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा वेगळा. त्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक काळासाठी दुसऱ्याकडे जातो.

याच कागदावर ‘लायसन्स’चं स्पेलिंग दोन तऱ्हेचं दिसेल आणि दोन्ही बरोबर असतील. ब्रिटिश पद्धतीत नाम सी-ने आणि क्रियापद एस-ने लिहितात. आपले बरेच कायदे तीच पद्धत पाळतात, म्हणून १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सी-ने आहे. पण ‘लायसन्सर’ आणि ‘लायसन्सी’ हे क्रियापदावरून झालेले शब्द, म्हणून त्यांत एस. इथे आवाज मदतीला येत नाही, दोन्ही सारखेच ऐकू येतात. वाक्यात त्या जागी ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ आलटून पालटून ठेवून बघा. जिथे ‘ॲडव्हाइस’ बसेल तिथे सी. अमेरिकन इंग्रजीत नाम आणि क्रियापद दोन्ही एस-नेच लिहितात. फोनची किंवा संगणकाची भाषा तशी लावलेली असेल तर तो सी-वाल्या स्पेलिंगवर खूण करेल. तिथे त्याचं ऐकू नये.

स्पेलिंगपेक्षा महागात पडते ती लायसन्सर आणि लायसन्सी यांची अदलाबदल. ‘अर’ लागलेला देणारा, ‘ई’ लागलेला घेणारा. एम्प्लॉयर काम देतो, एम्प्लॉयीला ते मिळतं. चेकवरचा पेयी पैसे घेणारा. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव नेमलं तो, आणि तो वारस असेलच असं नाही. या हिशेबाने लायसन्सर हा घरमालक आणि लायसन्सी हा राहायला येणारा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याच कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही तर राहणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. कुठलं कलम कुणावर येतं हे त्या शेवटच्या अक्षरावर ठरतं. ‘भरेल’, ‘दुरुस्त करेल’, ‘सोडेल’ अशा प्रत्येक क्रियापदाचा कर्ता पेन्सिलीने अधोरेखित करावा आणि मगच सही करावी.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. तिथे बहुतेक इमारती सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत आणि तो पट्टा साधारणपणे ६० वर्षांचा असतो. त्या कागदावर सिडको ‘लेसर’ आणि जमीन घेणारी सोसायटी ‘लेसी’. वाशीतला एखादा फ्लॅटमालक भाडेकरूच्या करारात देणारा असतो आणि त्याच इमारतीच्या जमिनीच्या कागदात घेणाऱ्या बाजूला असतो. फक्त ‘गहाण’ या शब्दापाशी सावध राहायचं. कर्ज बँक देते, म्हणून ‘मॉर्गेजर’ बँक असेल असं वाटतं. पण गहाण कोण देतं? कर्जदार. तोच मॉर्गेजर, आणि गहाण घेणारी बँक मॉर्गेजी.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर ‘प्रिन्सिपल’ बघून घेऊ. उच्चार एक, स्पेलिंग दोन. शेवटी पी-ए-एल असलेल्याचा गाभा ‘मुख्य’ हा आहे: कॉलेजचा मुख्य म्हणजे प्राचार्य, कर्जातली मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल. शेवटी पी-एल-ई असलेला म्हणजे तत्त्व, दुसरं काही नाही. ‘मुख्य’ बसलं तर ए, ‘तत्त्व’ बसलं तर ई. घराचं कर्ज घेताना दोन्ही भेटतात. बँक आधी देते ती ‘इन-प्रिन्सिपल’ मंजुरी, म्हणजे तत्त्वतः. तिथे पी-एल-ई हवं. ही मंजुरी उत्पन्न आणि कर्जाचा इतिहास बघून मिळते. घराची कागदपत्रं आणि मूल्यांकन तपासून झाल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. या शब्दाला अंतिम मंजुरी समजून बिल्डरला टोकन देऊन बसणं धोक्याचं आहे.

पी-ए-एल वाला शब्द भेटतो तो हप्त्यांच्या तक्त्यात. ३० लाख रुपये, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, असा हिशेब धरला तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि ‘प्रिन्सिपल’च्या रकान्यात जेमतेम ४,७८५ दिसतात. मध्येच जास्तीचे पैसे भरलेत तर ते याच रकान्यातून वजा झाले का, हे पुढच्या तक्त्यात बघायचं असतं. रकान्याचं नाव कळलं नाही तर बघायचं काय हेच कळत नाही.

बँकेच्याच भाषेतले ‘वेव्ह’ आणि ‘राइट ऑफ’ लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. डब्ल्यू-ए-आय ने सुरू होणारं ‘वेव्ह’ म्हणजे माफ करणे, हक्क सोडणे. आय नसलेलं ‘वेव्ह’ म्हणजे लाट किंवा हात हलवणे. ‘वेव्ह ऑफ’ असं लिहायचीही गरज नाही, ‘ऑफ’ तिथे उपरा आहे. तो आला कुठून? ‘राइट ऑफ’मधून. आणि राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. वसूल होण्याची आशा नसलेलं कर्ज बँक आपल्या हिशेबातून बाजूला काढते, पण कर्जदाराकडे ते बाकीच राहतं आणि वसुली चालू राहते. मराठी बातमीत ‘निर्लेखित’ असा शब्द असला तर तो राइट ऑफ; ‘कर्जमाफी’ म्हणजे वेव्हर. बँकेच्या पत्रात यातला कुठला शब्द आहे, ते अक्षर लावून वाचावं.

ऑनलाइन अर्जांच्या शेऱ्यांत एक जोडी आहे जिने कितीतरी घरांत उगाच धास्ती पसरते. कॉलेज प्रवेश असो वा सिडकोच्या घरांची सोडत, कागद अपलोड केल्यावर शेरा येतो: ‘डॉक्युमेंट इलेजिबल’. वाचणारा ते ‘इनएलिजिबल’ वाचतो, म्हणजे अपात्र, आणि हात गाळून बसतो. ‘इलेजिबल’ म्हणजे फक्त ‘वाचता येत नाही’. सुरुवातीला आय आणि मग दोन एल असतील तर तक्रार तुमच्या पात्रतेबद्दल नाही, स्कॅनबद्दल आहे. मूळ कागद सपाट ठेवून, सावली न पडू देता पुन्हा स्कॅन करायचा. चारही कोपरे चौकटीत यायला हवेत. संकेतस्थळ फाइलचा आकार मर्यादित ठेवायला सांगतं म्हणून फोटो इतका दाबू नये की शिक्क्यातली अक्षरं फुटतील. त्यापेक्षा रंगीत ऐवजी करड्या छटेत स्कॅन करावा, आकार आपोआप कमी होतो. मग मुदतीच्या आत परत चढवायचा. शेरा खरंच ‘इनएलिजिबल’ असेल तर उपाय वेगळा. मग नियमावली उघडून पात्रतेची कुठली अट अडली ते शोधावं लागतं.

‘स्टेशनरी’ची जोडी पटकन उरकू. वह्या-पेनांचं सामान ई-आर-वाय, एका जागी थांबलेलं ते ए-आर-वाय. दोन्हींचं मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, ठरलेल्या जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्या दुकानातलं सामान ते स्टेशनरी. गोखले रोडवरच्या पाटीवर ए असला म्हणून वही महाग होत नाही. त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

‘इट्स’ मात्र सुधारावा, कारण तो प्रत्येक पत्रात येतो. वर स्वल्पविरामासारखी खूण असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. खूण नसेल तर ‘त्याचा, तिचा’. ‘हिज’ला खूण नाही, ‘हर्स’ला नाही, म्हणून मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’लाही नाही. फोन आपणहून ती खूण घालतो, तेव्हा पाठवण्याआधी बघावं.

काही शब्दांत व्याकरण चुकत नाही, पण समोरच्याचं मन दुखावतं. ऐरोली-महापे पट्ट्यातून परदेशी ग्राहकांना मेल जातात, त्यांत ‘आय हॅव अ डाउट’ असतं. मराठीत ‘शंका’ म्हणजे विचारायचा प्रश्नही आणि संशयही. वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणणारा मुलगा सरांवर संशय घेत नाही. इंग्रजीतला ‘डाउट’ मात्र संशयच. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इन्व्हॉइस’ वाचून समोरच्याला आपल्या प्रामाणिकपणावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. तिथे साधा ‘क्वेश्चन’ लिहावा.

दुसऱ्या बाजूने, जी चूकच नाही तिच्यावर लोक तुटून पडतात तेव्हाही वाईट वाटतं. ‘प्रीपोन’ला हसणारे बरेच आहेत. ‘पोस्टपोन’च्या उलट अर्थाचा एवढा नेमका शब्द दुसरा नाही, भारतात तो सगळ्यांना समजतो आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आला आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’च हवा, हा नियमही असाच. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने ती आपली आवड म्हणून लिहिली होती, पुढे लोकांनी तिचा कायदा केला. औपचारिक लेखनात ती पाळावी, पण त्यावरून कुणाला टोकू नये. आणि कुणाच्या उच्चारावर तर कधीच हसू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचा ह्रस्व-दीर्घ आपल्याही बोलण्यात एक होतो आणि लिहिताना नियम आठवावा लागतो. इंग्रजीवाल्यांचं दुखणं तेच आहे.

तपासायचं कसं? शुद्धलेखन तपासणारी सोय या चुका नेहमी पकडत नाही, कारण चुकीच्या जागी बसलेला शब्दही शब्दकोशात असतोच. म्हणून आपल्या नेहमी चुकणाऱ्या आठ-दहा शब्दांची यादी ठेवावी, मजकूर पूर्ण झाल्यावर ‘फाइंड’मध्ये एकेक शब्द घालावा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वर सांगितलेली त्याची कसोटी लावावी. एका पानाला पाच मिनिटंही लागत नाहीत. सोसायटीच्या नोटिशीत तारीख असलेलं वाक्य आधी मराठीत लिहावं, मग इंग्रजीत. मुदतीसाठी ‘बाय टेन्थ’ बरोबर आहे, पण दहा तारीख धरून की सोडून, असा वाद कुणीतरी काढतोच. वकील मंडळी म्हणून ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात.

तेव्हा लिफ्टशेजारचा कागद असा हवा: ‘मेन्टेनन्स १० तारखेपर्यंत भरावा, १० तारीख धरून. त्यानंतर सवलत मिळणार नाही.’ आणि खाली: ‘मेंबर्स आर ॲडव्हाइझ्ड टू पे ऑन ऑर बिफोर द टेन्थ. दोज हू पे लेटर विल लूझ द डिस्काउंट.’ ‘अफेक्ट’चं वाक्य ठेवायची गरजच उरत नाही.